परदेशात राबणाऱ्या श्रमिकांचे हक्क आणि आपली जबाबदारी

(शेलूबाजार येथे विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



 

वर्धापनदिनाला धम्मावर बोलण्याची रीत आहे. समितीने विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हा आम्ही परदेशात मजुरीला जाणाऱ्या माणसांच्या हक्कांचा विषय घेतला. काही जण म्हणतील, "शेलूबाजारात बसून दुबई-सौदीच्या गोष्टी काहून सांगता भाऊ?" त्यांना आमचे सांगणे असे की, पोटासाठी गाव सोडणे आपल्या वऱ्हाडाला नवे नाही. सोयाबीन निघाले, तूर निघाली, कापसाची वेचणी सरली की आपली माणसे मुंबई, पुणे, सुरत गाठतात. कोणी उसाच्या फडावर जातो, कोणी वीटभट्टीवर. आता त्यापुढची पायरी आली आहे. पोरांच्या मोबाइलवर जाहिरात येते : हेल्पर पाहिजेत, वेल्डर पाहिजेत, ड्रायव्हर पाहिजेत, राहणे-खाणे मोफत. जाहिरात बघून पोरगा पासपोर्ट काढतो, बाप शेत गहाण टाकतो, माय मंगळसूत्र मोडते. मग निघताना जो कागद सहीला पुढे येतो, तो वाचायला कोणाला वेळ नसतो. आमचे आजचे बोलणे त्या कागदाबद्दल आहे.

हा विषय धम्माबाहेरचा नाही, हेही सुरुवातीलाच सांगतो. भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले. शस्त्रांचा, प्राण्यांचा म्हणजे जिवंत जीवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. जिवंत जीवांच्या व्यापारात माणसांची खरेदी-विक्रीही आली. सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकाबद्दलची पाच कर्तव्ये आहेत. ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात सेवा करावी, घरी काही विशेष केले तर त्यातला वाटा द्यावा आणि वेळेवर सुट्टी द्यावी. सेवकानेही काम चोख करावे आणि दिले तेवढेच घ्यावे, असे तेथेच सांगितले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचे हे वेतन, आरोग्य आणि सुट्टी आजच्या कामगार कायद्यांतही येतात. तेव्हा मजुराच्या हक्काविषयी विहारात बोलणे म्हणजे धम्माविषयीच बोलणे होय.

बंधूंनो, आपल्या लोकांनी समुद्र ओलांडला तो आजकालचा नाही. इंग्रजांनी आपल्या वसाहतींत गुलामगिरी बंद करायचे ठरवले आणि उसाच्या मळ्यांना मजूर कमी पडू लागले. तेव्हा त्यांची नजर हिंदुस्थानातल्या गरिबांवर गेली. १८३४ साली मॉरिशसला मजुरांची पहिली मोठी रवानगी सुरू झाली. पुढे काही काळ ती थांबवली गेली आणि १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरही खुले झाले. मुंबईहून कोकण आणि घाटावरचे मराठी माणूस गलबतात बसले. आजही मॉरिशसमध्ये मराठी समाज आहे आणि तेथील शाळांत मराठी शिकवली जाते. पोर्ट लुईसच्या ज्या धक्क्यावर ही माणसे उतरली, त्या आप्रवासी घाटाला युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर त्या बेटावर उतरले.

त्यांना गिरमिटिया म्हणत. 'ॲग्रिमेंट' या इंग्रजी शब्दाचे लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाले. कागदावर अंगठा घेतला जाई. अंगठा देणाऱ्याला त्यात काय लिहिले ते कळत नसे. तिकडे पोहोचल्यावर कळे की एक दिवस गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापतात. मळ्याबाहेर जायचे तर जवळ पास पाहिजे, नसला तर तुरुंग.

पण तेथला दुसराही एक कागद आहे आणि आमच्या मते तोच आपण जास्त लक्षात ठेवायला पाहिजे. १८७१ साली मॉरिशसमधल्या जुन्या हिंदी मजुरांनी आपल्या हालांचा अर्ज केला. आदोल्फ द प्लेविट्झ या युरोपियन माणसाने त्यांना मदत केली. ९,४०१ जणांनी त्या अर्जाला आपली नावे दिली. त्या अर्जामुळे इंग्लंडच्या राणीच्या सरकारला १८७२ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. एका अंगठ्याने ते बांधले गेले होते, पण हजारोंनी मिळून अर्ज केला तेव्हा विलायतेतल्या सरकारलाही त्यांचे ऐकावे लागले. १९१७ मध्ये ही भरती थांबली आणि १९२२ साली हिंदुस्थानात परदेशगमनाचा नवा कायदा आला. आजही आपल्या सरकारचा जो अधिकारी परदेशी जाणाऱ्या मजुरांवर देखरेख ठेवतो त्याला प्रवासी संरक्षक म्हणतात. हे पदनाम गिरमिटियांच्या काळापासून चालत आले आहे.

आता जवळच्या काळात येऊ. १९७३ नंतर तेलाच्या किमती वाढल्या, आखाती देशांत पैसा आला आणि बांधकामे निघाली. केरळ, आंध्र, आपले कोकण येथून माणसे तिकडे गेली. सर्वांची निघण्याची वाट मुंबईची होती आणि एजंटांचा धंदाही मुंबईतच फोफावला. भरतीच्या नावाने फसवणूक वाढली तेव्हा संसदेने १९८३ मध्ये नवा प्रवासी कायदा केला. परवान्याशिवाय कोणाला परदेशी नोकरीची भरती करता येणार नाही, असे त्यात ठरले.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले. तेथे अडकलेल्या सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना एअर इंडियाने जॉर्डनच्या अम्मानहून परत आणले. दोन महिन्यांत पावणेपाचशेवर उड्डाणे झाली. मुंबईच्या विमानतळावर रिकाम्या हाताने, अंगावरच्या कपड्यांनिशी माणसे उतरली. त्याची गोष्ट लोक अभिमानाने सांगतात आणि सांगायला हरकत नाही. पण पुढची गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये नुकसानभरपाई आयोग नेमला. युद्धामुळे ज्याला कुवेत किंवा इराक सोडावे लागले, त्या साध्या मजुरालाही ठराविक रकमेचा दावा करता येत होता. दिल्लीत परराष्ट्र खात्याने त्यासाठी कुवेत कक्ष उघडला. हजारो लोकांना त्यातून पैसे मिळाले. दावा मांडताना प्रश्न एकच : तू तिथे होतास याचा पुरावा काय? पासपोर्टचे पान, शिक्का, कामाचे ओळखपत्र, असा एखादा कागद ज्याने जपून आणला त्याचा दावा सोपा झाला. ज्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात राहून गेला, त्याला पुराव्यासाठी वणवण करावी लागली.

बंधू-भगिनींनो, फसवणूक कशी होते हे आता बारकाईने सांगतो, कारण एकदा ती समजली की अर्धी टळते. पहिला माणूस आपल्याच ओळखीतला असतो. तो बाजारात चहा पाजतो, तालुक्याचा एजंट दाखवतो. तालुक्याचा एजंट मुंबईचा एजंट दाखवतो. कायद्याने परवाना असतो तो फार तर शेवटच्याकडे, मधले दोघे नुसते दलाल. प्रत्येकाचा हिस्सा चढत जातो आणि लाख-दीड लाखाचा आकडा होतो. कायद्याने परवानाधारक एजंटाला मजुराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. तेही पावती देऊन. हा एक आकडा आज घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा.

दुसरी खेळी व्हिसाची. कामाचा व्हिसा न देता फिरण्याचा व्हिसा देतात आणि सांगतात, "तिथं गेल्यावर बदलून घेऊ." फिरण्याच्या व्हिसावर गेलेल्याने काम केले की तो त्या देशाच्या नजरेत गुन्हेगार ठरतो. मग मजुरी बुडाली तरी तक्रार करायची चोरी. तिसरी खेळी कराराची. येथे एक करार दाखवायचा आणि तेथे विमानतळावरून नेऊन दुसऱ्या करारावर सही घ्यायची, अरबी भाषेत आणि कमी पगाराच्या. गिरमिटाच्या अंगठ्यात आणि ह्या सहीत आम्हाला तरी फरक दिसत नाही. चौथी खेळी पासपोर्ट काढून घेण्याची. "सांभाळून ठेवतो" म्हणून मालक घेतो आणि मग मजूर हलू शकत नाही. तिकडे कफाला नावाची पद्धत आहे. मजुराचा व्हिसा एका मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची नाही, आणि कित्येक ठिकाणी देशही सोडायचा नाही. मालकाने "पळाला" म्हणून नोंद केली की पोलीस मागे लागतात.

आमच्या पाहण्यातली एक हकिकत सांगतो. गावाचे आणि माणसांचे नाव घेत नाही. एक मायमाउली आमच्याकडे आली. म्हणाली, "भाऊ, पोराचा दोन महिन्यांपासून पैसा नाही अन् आता फोनबी लागून नाही राह्यला." पोराला इलेक्ट्रिशियनचा हेल्पर म्हणून नेले होते आणि वाळवंटात शेळ्या-उंटांमागे लावले होते. आम्ही दूतावासाला अर्ज लिहायला बसलो. कंपनीचे नाव? माहीत नाही. पासपोर्टचा नंबर? झेरॉक्स नाही. एजंटाचा परवाना क्रमांक? एजंटाचे एक कार्ड होते, त्यावर नुसता मोबाइल नंबर, तोही बंद. घरात कागद म्हणावा असा एकच, अरबीत छापलेल्या व्हिसाची अस्पष्ट प्रत. तो फिरण्याचा व्हिसा निघाला. तो पोरगा शेवटी परत आला तो जवळच्या छावणीतल्या एका केरळी कामगारामुळे. त्याने ह्याला वाट दाखवली आणि दूतावासापर्यंत नेले. केरळच्या माणसाला जे ठाऊक होते ते आपल्या पोराला का ठाऊक नव्हते, याचा विचार आपण करायचा आहे.

केरळ सरकारने १९९६ मध्ये परदेशस्थ केरळी लोकांसाठी स्वतंत्र खाते उघडले. जायच्या आधी माहिती देणे, परत आलेल्याला मदत करणे हे तेथे वर्षानुवर्षे चालू आहे. तेलंगणात आखाती कामगारांच्या संघटना आहेत. त्यांच्या लढ्याचे एकच उदाहरण देतो. आखाती देशांत भारतीय मजुराला निदान इतका पगार मिळाला पाहिजे, असा एक आकडा आपले सरकार ठरवते. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने तो आकडा ३० ते ५० टक्के खाली आणला. कारण असे की नोकऱ्या टिकाव्यात. तेलंगणाचे कार्यकर्ते उच्च न्यायालयात गेले, ओरड झाली आणि २०२१ मध्ये सरकारने ती परिपत्रके मागे घेतली. १८७१ च्या त्या अर्जाचाच हा पुढचा वंश आहे.

महाराष्ट्र मागे का? रिझर्व्ह बँकेच्या पाहणीप्रमाणे २०२३-२४ मध्ये परदेशातून देशात आलेल्या पैशात सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राचा होता, साधारण पाचवा हिस्सा. त्यात शिकल्यासवरल्या साहेब लोकांचा पैसा पुष्कळ आहे, हे खरे. पण त्यात आखातातल्या मजुराच्या घामाचा रुपयाही आहे. सहा आखाती देशांत मिळून सुमारे ९० लाख भारतीय राहतात. एवढी माणसे ज्या देशाची तिजोरी भरतात त्या देशाने त्यांची काळजी घेणे ही मेहेरबानी नव्हे.

काळजी न घेतली तर काय होते ते अलीकडच्या घटनांवरून पाहा. जून २०१४ मध्ये इराकच्या मोसुल शहरात ३९ भारतीय मजूर पळवले गेले. ते मारले गेले हे संसदेत सांगायला मार्च २०१८ उजाडला. चार वर्षे त्यांच्या बायका-मुले वाट पाहत होती. २०१६ मध्ये सौदीत बांधकाम कंपन्या बसल्या आणि हजारो भारतीय मजूर पगाराविना, खाण्याविना छावण्यांत अडकले. दूतावासाला त्यांच्यासाठी अन्नधान्य पोहोचवावे लागले. १२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफ भागात कामगार राहत असलेल्या सहा मजली इमारतीला पहाटे आग लागली. त्यात ४५ भारतीय मृत्यू पावले. एका इमारतीत किती माणसे कोंबायची, जिना मोकळा ठेवायचा की नाही, हा प्रश्न मजुरांच्या जिवाचा आहे. आम्ही सूतगिरणीत उमर घातलेली माणसे. उडता कापूस, एक ठिणगी आणि बंद दरवाजा म्हणजे काय, हे आम्हाला समजावून सांगावे लागत नाही. आणि २०२२ पासून तर नवाच प्रकार निघाला. थायलंडला कॉम्प्युटरची नोकरी म्हणून शिकलेल्या पोरांना नेतात आणि म्यानमार-कंबोडियात कोंडून लोकांना फोनवर फसवायचे काम मारून-झोडून करवून घेतात. २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमारमधून अशी शेकडो मुले सोडवून आणली.

तरुण मित्रांनो, हे ऐकून घाबरून घरी बसा असे आमचे म्हणणे नाही. बाबासाहेब स्वतः विलायतेला, अमेरिकेला गेले. जायला पाहिजे. पण आपला हक्क जाणून गेले पाहिजे. आपले हक्क कोणते?

पहिला हक्क संविधानाचा. अनुच्छेद २३ ने माणसांचा व्यापार आणि वेठबिगार यांना मनाई केली आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामाचे आठ तास, सरकारी सेवायोजन कार्यालये, सरकार-मालक-कामगार यांची एकत्र परिषद ही कामे त्या काळातली. सेवायोजन कार्यालयामागचा विचार काय? नोकरी शोधणाऱ्या माणसाला दलालाच्या दारात उभे राहावे लागू नये. त्याच्याही आधी १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी एक प्रश्न लावून धरला होता. जास्त पगाराच्या विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. कष्ट सारखे पण खाते जातीवर ठरे. आज आखातात एकाच कामाला कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे त्यावर पगार ठरतो. म्हणून समान कामाला समान दाम ही मागणी आपण तेथल्या संदर्भातही सोडता कामा नये.

दुसरा हक्क जगाने मान्य केलेला. १८ डिसेंबर १९९० ला संयुक्त राष्ट्रांनी स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांचा करार संमत केला. तो १ जुलै २००३ पासून अमलात आला. मजुराचा पासपोर्ट काढून घेऊ नये, वेतनात स्थानिक माणसाहून कमी लेखू नये, तातडीचे औषधपाणी नाकारू नये, संघटनेत भाग घेऊ द्यावा, परत जाताना कमाई नेऊ द्यावी, असे त्यात लिहिले आहे. दुर्दैव असे की आखाती देशांनी ह्या करारावर मोहोर उठवलेली नाही आणि आपल्या देशानेही नाही. जो देश जगात सर्वांत जास्त माणसे कामाला पाठवतो, त्यानेच मागे राहावे? ही मागणी आपल्या खासदारापुढे ठेवली पाहिजे. ठराव करून ठेवली पाहिजे.

तिसरा हक्क त्या-त्या देशाच्या कायद्याचा. तिकडे कायदाच नाही असे समजू नका. कतारने २०२० मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली आणि मार्च २०२१ पासून घरकामगारांसकट सर्वांना महिना एक हजार रियाल किमान वेतन लागू केले. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला मनाई आहे आणि पगार बँकेतून द्यावा लागतो. हे नियम लढून, जगात बोभाटा होऊन आलेले आहेत. ज्याला नियम माहीत त्याच्याशी मुकादम जपून बोलतो, हा आमचा गिरणीतलाही अनुभव आहे.

आता एक बारीक गोष्ट, दहावी पास पोरांनी नीट ऐकावी. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टला ईसीआर म्हणतात. असा माणूस सौदी, कुवेत, कतार, ओमान, बहरीन, अमिराती, मलेशिया अशा १८ देशांत कामाला जात असेल तर त्याला आधी प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते. त्या वेळी करार तपासला जातो, एजंट तपासला जातो आणि विमा सक्तीचा असतो. दहावी झालेल्याला ही मंजुरी लागत नाही. पोरगा म्हणतो, "आपल्याले काही झंझट नाही." पण झंझट नाही म्हणजे तपासणीही नाही, विम्याची सक्तीही नाही! दलालाला असाच गिऱ्हाईक बरा. म्हणून दहावी-बारावी झालेल्यांनी ई-मायग्रेट या सरकारी व्यवस्थेत आपणहून नोंद करावी आणि विमा काढावा. प्रवासी भारतीय बीमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख रुपये मिळतात. एका जेवणावळीच्या खर्चात आयुष्याची हमी मिळते, ती सोडू नये.

माता-भगिनींबद्दल दोन शब्द. घरकामाला परदेशी नेतो म्हणणाऱ्यापासून फार सावध राहा. ईसीआर पासपोर्टवर घरकामासाठी तीस वर्षांखालील बाईला मंजुरी मिळत नाही आणि भरती सरकारी यंत्रणेमार्फतच करायची आहे. जो म्हणतो "मी करून देतो", तो बाईला फिरण्याच्या व्हिसावर नेणार हे समजून घ्या. बंद घरात काम करणाऱ्या बाईला तास नाही, सुट्टी नाही, साक्षीदार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्याला शंभर वर्षे उलटून गेली, तरी आठवड्याची सुट्टी न मिळणाऱ्या लाखो बाया जगात राबत आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. तोही आपल्या देशाने अजून मान्य केलेला नाही.

मग आपण काय करायचे? भाषण झाले, टाळ्या झाल्या, घरी गेलो, असे होऊ नये म्हणून समितीपुढे आम्ही नम्रपणे एक योजना ठेवतो.

विहारात एक जाड नोंदवही ठेवावी. वस्तीतला, पंचक्रोशीतला जो कोणी परदेशी कामाला निघेल, मग तो कोणत्याही जातीचा, धर्माचा असो, त्याने जाण्यापूर्वी येथे नोंद करावी. पासपोर्टचा नंबर, व्हिसाचा प्रकार, कंपनीचे नाव-पत्ता, एजंटाचा परवाना क्रमांक, ठरलेला पगार. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि एजंटाची पावती यांच्या प्रती एक घरी आणि एक विहारात. हे कागद खाजगी आहेत, म्हणून वही दोघांच्याच ताब्यात कुलपात राहील. आपल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलींनी दर रविवारी वंदनेनंतर एक तास बसावे. एजंटाचा परवाना खरा की खोटा हे ई-मायग्रेटवर पाहून द्यावे. करार मराठीत वाचून दाखवावा. पैसे बँकेतूनच द्यावेत, रोख नको, हे बजावावे. पासपोर्ट भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाला तो ठेवण्याचा अधिकार नाही, हेही निघण्याच्या आधी सांगावे.

अडचण आली तर परराष्ट्र खात्याची 'मदद' नावाची तक्रार व्यवस्था २०१५ पासून आहे. प्रवासी मदत केंद्राचा फुकट फोन १८००११३०९० हा आहे. दूतावासांत २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडकलेल्या गरजू माणसाला आसरा, कायद्याची मदत, परतीचे तिकीट, आणि वाईट प्रसंग ओढवला तर पार्थिव आणण्याचा खर्च त्यातून करता येतो. हे सगळे आहे, पण मागितल्याशिवाय मिळत नाही आणि कागदाशिवाय मागता येत नाही. त्या मायमाउलीच्या घरी एवढी एक नोंद असती तर अर्ज त्याच दिवशी गेला असता.

शेवटची एक गोष्ट बोलून थांबतो. आपल्या शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्ग गेला आहे. नागपूर-मुंबई ७०१ किलोमीटरचा तो रस्ता ५ जून २०२५ ला पुरा झाला. तो बांधायला बिहार, उत्तर प्रदेश, बंगालचे मजूर पत्र्याच्या खोल्यांत राहिले. १ ऑगस्ट २०२३ ला शहापूरजवळ ह्याच रस्त्याच्या पुलावर गर्डरचे यंत्र कोसळून २० माणसे गेली. ८ मे २०२० ला, टाळेबंदीत, जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशचे १६ मजूर करमाडजवळ रुळावर मालगाडीखाली सापडले. कोण कोठला, कोणाच्या हाताखाली होता, याची नोंद नव्हती. आपला पोरगा कतारात परका, तसा त्यांचा पोरगा आपल्याकडे परका. आपल्या पोराला तिकडे माणूस म्हणून वागवावे असे वाटत असेल, तर आपल्या जिनिंगवर, आपल्या वीटभट्टीवर आलेल्या परमुलखातल्या मजुराचीही त्याच वहीत नोंद झाली पाहिजे. त्याची मजुरी बुडाली तर त्याच्या बाजूने आपण उभे राहिले पाहिजे. मैत्रीला सरहद्द नसते असे आपण रोज वंदनेत म्हणतो, सर्व प्राणिमात्रांचे मंगल चिंतितो. त्या मंगलाचे रूप कधी कधी एका अर्जाएवढे साधे असते.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे बाबासाहेबांचे सांगणे परदेशी निघालेल्याच्या बाबतीत असे लागू करू या : सहीआधी वाचायला शिका, नोंदवहीभोवती संघटित व्हा आणि मजुरी बुडाली तर अर्ज घेऊन संघर्ष करा. वहीचे पहिले पान आज उघडावे, अशी समितीला विनंती करून आम्ही आमचे भाषण संपवतो.

भवतु सब्ब मंगलम्. जय भीम! जय भारत!